स्टुडंट म्युझिक व्हिडिओचं रिफ्लेक्शन: काय लिहायचं, आणि पोस्टर व्हिडिओपासून तुटलं असेल तर काय करायचं

तुझा प्रश्न बराच लांब होता, वाचणाऱ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. मास मीडियाचं दुसरं वर्ष, पाच जणांचा ग्रुप, शब्द बालकवींचे आणि चाल ग्रुपमधल्याच मुलीची, तीच गाते आणि व्हिडिओत पण मुख्य तीच आहे, सोबत एक मैत्रीण. शूट वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर आणि थोडं हॉस्टेलच्या खोलीत आणि गच्चीवर, पावसाळ्यात, एक मिररलेस कॅमेरा आणि दोन फोन. सोबत पोस्टर, थंबनेल, दोन रील्स आणि सीडीचं कव्हर. आता सरांनी चार प्रश्न देऊन रिफ्लेक्शन, म्हणजे आपण काय केलं आणि का केलं याचा रिपोर्ट, लिहायला सांगितलंय आणि तू विचारतोयस की ताई, यात खरं लिहायचं की चांगलं लिहायचं, लिपसिंक, म्हणजे ओठ आणि गाण्याचा मेळ, मध्येच घसरतो त्याचं काय करायचं, आणि पोस्टर व्हिडिओशी मॅचच होत नाही असं सगळे म्हणतायत ते लपवायचं कसं.

लपवू नकोस रे. तुझ्या अख्ख्या रिपोर्टमध्ये लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

मी एडिटर आहे, आधी अल्बमची गाणी, मग मालिकांची टायटल्स, आता बहुतेक यूट्यूबवरची सिंगल्स कापते, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून जाते. तिथे रिपोर्टचा गठ्ठा समोर येतो आणि प्रत्येकात तेच वाक्य असतं, या प्रोजेक्टमधून आम्हाला टीमवर्क आणि टाइम मॅनेजमेंट शिकायला मिळालं. अरे हे वाक्य गणपती मंडळाच्या वर्गणीबद्दल पण चालेल, स्नेहसंमेलनाबद्दल पण चालेल, त्यातून तुमच्या व्हिडिओबद्दल मला काहीच कळत नाही. मला हवं असतं ते एवढंच की तुम्ही काय करायला निघालात, हातात काय आलं, आणि मधल्या मध्ये कुणी काय ठरवलं आणि का ठरवलं.

तुझ्या सरांनी दिलेले चार प्रश्न मी ओळखले. ते ब्रिटनमधल्या ए-लेव्हल मीडिया स्टडीजचे आहेत, ओसीआर बोर्डाचं कोर्सवर्क होतं त्यात मुलांना एक म्युझिक व्हिडिओ, त्याचं डिजिपॅक म्हणजे सीडीचं पुठ्ठ्याचं कव्हर, आणि मासिकात छापायची जाहिरात असं तिन्ही करायला लावायचे आणि मग हे चार प्रश्न. रूढ पद्धती कुठे वापरल्या आणि कुठे मोडल्या, मुख्य प्रॉडक्ट आणि सोबतचं प्रमोशन एकमेकांना किती पूरक आहे, प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेतून काय शिकलात, आणि तंत्रज्ञान कुठे कसं वापरलं. आपल्याकडे हे जसंच्या तसं उचललं जातं म्हणून तुमच्याकडे सीडीचं कव्हर आलंय, नाहीतर आज वाईत काय पुण्यात काय, सीडी घेऊन कोण वाजवतंय. पण प्रश्न चांगले आहेत, फक्त चारही प्रश्नांना सारखी पानं देऊ नकोस. तुझ्या केसमध्ये दुसरा आणि चौथा यातच सगळा दम आहे.

लिहायला बसण्याआधी लॅपटॉपवर तीन फोल्डर उघड. पहिल्या दिवशीची ट्रीटमेंट, म्हणजे व्हिडिओ कसा करायचा ते लिहिलेला कागद, आणि शॉटलिस्ट, मग सगळे रशेस, म्हणजे शूट झालेलं सगळं कच्चं फुटेज, फायनलमध्ये न घेतलेलं सुद्धा, आणि तिसरा प्रमोशनचा फोल्डर त्यातल्या फायनल-१, फायनल-२, फायनल-खरंच-फायनल अशा सगळ्या फाइल्ससकट. हे तिन्ही शेजारी ठेवून बघ की कुठे एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. जिथे जुळत नाही तिथे थांब आणि आठव, ग्रुपचे मेसेज काढून बघ, तारीख वेळ सगळं तिथे असतंच. आठवणीवर लिहिलंस तर सगळं आपोआप गुळगुळीत होतं, आपण जे केलं तेच आपल्याला पहिल्यापासून करायचं होतं असं वाटायला लागतं.

पहिला प्रश्न, रूढ पद्धतींचा. इथे मुलं थिअरीची लेबलं चिकटवतात आणि पुढे जातात. ॲन्ड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये जे मांडलं ते तुम्हाला शिकवलं असणार, की शब्द आणि दृश्य यांचं नातं तीन प्रकारचं असतं, शब्दात आहे तेच दाखवणं, शब्दाला आणखी वाढवून दाखवणं, किंवा शब्दाशी संबंधच नसलेलं दाखवणं. आमच्या व्हिडिओत तिन्ही आहेत असं लिहून काही मिळत नाही. एक ओळ घे, टाइमकोड, म्हणजे व्हिडिओतली नेमकी वेळ, दे, आणि सांग की या ओळीला ढग आहेत म्हणून आम्ही ढग दाखवले आणि बघताना ते शाळेच्या तक्त्यासारखं वाटतं, आणि त्या दुसऱ्या ओळीला आम्ही नुसता तिचा पाठमोरा शॉट ठेवला तिथे गाणं मोकळं झालं. हे कळलं हेच रिफ्लेक्शन.

आणि एक गोष्ट तुमच्याकडे आहे जी त्या थिअरीत पूर्ण बसत नाही, ती जरूर लिही. तिकडची सगळी मांडणी कलाकार स्वतः पडद्यावर गातोय आणि रेकॉर्ड कंपनीला त्याचा चेहरा विकायचाय या गृहीतावर उभी आहे. आपल्याकडे प्लेबॅकची सवय, गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, आणि प्रेक्षकाला त्यात काही खटकत नाही. नव्वदच्या दशकात प्रायव्हेट अल्बम आले, म्युझिक चॅनल आले, तेव्हा गायकाचा स्वतःचा चेहरा पडद्यावर आणि कॅसेटच्या कव्हरवर मोठा झाला. तुमच्या व्हिडिओत जी गाते तीच दिसते. मग तुम्ही तिला गायिका म्हणून शूट केलंत की गोष्टीतलं पात्र म्हणून? मी लिंक बघितली, अर्ध्या गाण्यात ती कॅमेऱ्यात बघून गाते आणि अर्ध्यात ती कॅमेरा नसल्यासारखी घाटावर बसलीय, आणि हा बदल गाण्यातल्या कुठल्याच जागेशी जुळत नाही, मुखड्याला एक आणि अंतऱ्याला एक असं पण नाही. ठरवून केलंत का? मला वाटतं मेणवलीला एक गोष्ट शूट झाली आणि गच्चीवर दुसरी, आणि एडिटला दोन्ही मिसळल्या. तसं असेल तर तसंच लिही.

लोकेशनबद्दल पण दोन ओळी हव्यात. वाई-मेणवली हा पट्टा हिंदी-मराठीत इतका शूट झालाय की तो घाट दिसला की प्रेक्षकाच्या डोक्यात गाव, माहेर, जुनं घर असलं सगळं आपोआप चालू होतं. तुम्ही त्या मोठ्या घंटेचा शॉट घेतलाच आहे, सगळेच घेतात, वसईच्या मोहिमेतून आली म्हणतात ती, दिसते पण भारी, पण तुमच्या गाण्यात ती काय करते? काही करत नसेल तर लिही की सुंदर होती म्हणून ठेवली. एक्स्टर्नलला प्रामाणिक वाक्य लगेच ओळखू येतं, रोज दहा रिपोर्ट वाचून कान तयार झालेले असतात.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे तुझं पोस्टर. तू लिहिलंयस की व्हिडिओ सगळा राखाडी-हिरवा, पावसातला, आणि पोस्टरवर नारिंगी सूर्यास्त आणि गिटार, आणि गाण्यात गिटार नाहीच. पोस्टर सबमिशनच्या आदल्या रात्री एका मित्राने टेम्प्लेटवरून करून दिलं. आता सोपं काय, की मित्राने नीट लक्ष दिलं नाही असं लिहायचं. पण जरा मागे जा. त्याला तुम्ही दिलं काय होतं? तूच सांगितलंस की सेटवर कुणी स्टिल्स, म्हणजे वेगळे फोटो, काढलेच नव्हते, त्याला व्हिडिओतले स्क्रीनशॉट पाठवले आणि ते फाटत होते.

ते फाटणारच होते, याचा हिशोब रिपोर्टमध्ये मांड, एकदम वजन येतं. ए-थ्री पोस्टर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचं तर साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. तुमचा व्हिडिओ फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, आणि तो आडवा. उभ्या पोस्टरसाठी त्याची पूर्ण उंची वापरली तरी हातात १०८० पिक्सेलच, ते ४२० मिलिमीटरवर ताणले की ६५ डीपीआय. फोर-केमध्ये शूट केलं असतं तर त्याच हिशोबाने १३० च्या आसपास आलं असतं, भिंतीवरचं पोस्टर जरा लांबून बघतात तेव्हा तेवढं चालून जातं. शिवाय व्हिडिओची फ्रेम १/५० शटरला, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला, असते, माणूस जरा हलला की ब्लर, व्हिडिओत तो ब्लर छान वाटतो पण एकच फ्रेम काढली की चेहरा पुसल्यासारखा. म्हणजे गिटार पोस्टरवर आली त्याचं कारण मेणवलीला सकाळी कॉलशीट, म्हणजे कुणी काय करायचं त्याची यादी, केली त्यात आहे, स्टिल फोटोग्राफी कुणाच्याच नावावर नव्हती. प्रत्येक सेटअप झाला की कॅमेरा तिथेच ठेवून, लाइट तोच, कपडे तेच, पाच मिनिटं उभे आणि आडवे दोन्ही स्टिल्स काढून घ्यायचे, मोठ्या प्रॉडक्शनमध्ये यासाठी वेगळा माणूस असतो, तुमच्यात तो फोकस बघणारा किंवा कपडे सांभाळणारा पण असू शकतो.

पण मला त्याच्या आधीचं पण दिसतंय. मित्राने विचारलं असेल ना की गाणं कशाबद्दल आहे? तुम्ही पाच जणांनी त्याला पाच उत्तरं दिली असती अशी मला शंका आहे. पोस्टर करताना एकच चित्र, एकच ओळ, एकच रंग निवडावा लागतो, व्हिडिओसारखं तीन-चार मिनिटांत सगळं थोडं थोडं घालता येत नाही. म्हणून जे ग्रुप पोस्टरचं कच्चं स्केच शूटच्या आधी करतात त्यांचा व्हिडिओ पण घट्ट होतो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. स्केच कागदावर पेनाने काढलेलं चालतं. तुमच्याकडे ते नव्हतं, तर ट्रीटमेंटमधलं कुठलं वाक्य तेव्हा पोस्टर होऊ शकलं असतं ते शोधून लिही.

थंबनेलचं वेगळं बघ. १२८० बाय ७२० ला करतो आपण मोठ्या स्क्रीनवर, पण बघणारा फोनवर बघतो, तिथे ते काडेपेटीएवढं होतं आणि उजव्या खालच्या कोपऱ्यावर यूट्यूब व्हिडिओची वेळ छापतं. तुमच्या थंबनेलमध्ये गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर बरोबर त्या वेळेच्या पट्टीखाली गेलंय. घाटाचा वाइड शॉट त्या आकारात नुसता करडा चिखल दिसतो, तिचा गच्चीवरचा क्लोजअप असता तर निदान डोळे दिसले असते.

आणि ते अक्षर. पोस्टरवर वेलांटी चुकीच्या जागी गेलीय आणि जोडाक्षरं फुटलीत, सरांनी याचे मार्क कापलेत असं तू म्हणतोस, बरोबर केलं. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, बदलून वर्ल्ड-रेडी केल्याशिवाय देवनागरी नीट बसत नाही, त्याच्याही आधीच्या व्हर्जनला त्याचं नाव मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं असायचं. दुसरं, इंग्रजी टायटलला अक्षरं लांब लांब ठेवून जो सिनेमॅटिक लुक येतो तो देवनागरीला करू नये, ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सांडल्यासारखा दिसतो. फॉन्टसाठी पैसे लागत नाहीत, मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या ग्रुपचे मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर फुकट आणि मोकळ्या लायसन्सवर आहेत, बालू गोलमटोल आहे तो तुमच्या पावसाळी उदास गाण्याला जाणार नाही, मुक्ताचं बारीक वजन घेतलं असतं तर चाललं असतं. किंवा सरळ कुणाच्या तरी हाताचं अक्षर स्कॅन करायचं, बालकवींच्या शब्दांना ते जास्त शोभलं असतं, पण हे माझं मत झालं. छापताना नारिंगी मळकट आला म्हणतोस, तो आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांची फाइल तशीच प्रेसला दिल्यामुळे, स्क्रीनवरचे भडक रंग शाईत येत नाहीत, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांमध्ये बदलून आधी एक प्रिंट काढून बघायची आणि कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जास्तीची कड, सोडायचं.

रील्सचं. फुल एचडी आडव्या फ्रेममधून उभी रील कापली की रुंदी उरते साधारण ६०८ पिक्सेल, म्हणून ती मऊ दिसते, आणि तुमच्या रीलमध्ये तर घाटावर बसलेल्या दोघींपैकी एक कापलीच गेलीय. शिवाय इन्स्टाग्राम खालच्या बाजूला नाव-कॅप्शन आणि उजवीकडे बटणं टाकतं, तिथे तुम्ही लिहिलेली गाण्याची ओळ होती. प्रोफाइलच्या ग्रिडवर २०२५ पासून चौकोन जाऊन उभा ३:४ आलाय, तेव्हा रीलचं कव्हर त्या हिशोबाने करायचं. पण याहून महत्त्वाचं म्हणजे रीलसाठी गाण्याचा कुठला तुकडा घेतलात. दोन्ही रील्स सुरुवातीच्या बासरीपासून चालू होतात आणि शब्द यायच्या आत संपतात! म्हणजे ज्या मुलीने चाल लावली तिची चाल ऐकूच येत नाही. हे का झालं ते लिही, बहुतेक एडिटच्या टाइमलाइनवर पहिले तीस सेकंद सोपे म्हणून उचलले असणार.

सीडीच्या कव्हरला मी जास्त वेळ देणार नाही, फक्त मागची बाजू, म्हणजे श्रेयनामावली, तेवढी सांभाळ. जुन्या कॅसेटच्या इनले कार्डवर गायक, संगीत, गीत, संगीत संयोजन हे छापलेलं असायचं आणि त्यावरून भांडणं पण व्हायची. तुमच्या पोस्टरवर बालकवींचं नाव नाहीये, यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये पण नाही, पण कॅमेरा भाड्याने देणाऱ्याचं आहे. आजच दुरुस्त कर.

यातच हक्कांचं येऊन जातं. बालकवी गेले १९१८ मध्ये, आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे शब्द केव्हाच मोकळे झालेत, चाल तुमच्या मैत्रिणीची. हा निर्णय हुशारीचा होता आणि तू त्याबद्दल एक ओळ पण लिहिली नाहीस. बाकीच्या ग्रुप्सनी फिल्मी गाणी घेतली असतील, वर्गात दाखवणं एक आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं, तिथे कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा, लगेच पकडतं. फक्त तो तबल्याचा लूप कुठून घेतला, त्याचं लायसन्स काय, ते बघ. आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायका दोन शॉट्समध्ये ओळखू येतात, त्यांना विचारलं होतं का? विचारलं नसेल तर ते शॉट काढ किंवा चेहरा दिसणार नाही असा क्रॉप कर, आणि रिपोर्टमध्ये तसं लिही.

तिसरा प्रश्न, प्रेक्षक. घरच्या ग्रुपवर मावशी-काकांनी खूप छान बाळा लिहिलं ते फीडबॅक म्हणून चिकटवू नकोस. यूट्यूब स्टुडिओत दोन आकडे बघ. इम्प्रेशनला, म्हणजे थंबनेल समोर दिसल्यावर, किती जणांनी क्लिक केलं हा थंबनेल आणि नावाचा निकाल, आणि ऑडियन्स रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठपर्यंत बघत राहिले याचा आलेख हा व्हिडिओचा निकाल. क्लिक बरे आणि पहिल्या काही सेकंदात आलेख कोसळतोय असं असेल तर बाहेर एक सांगितलं आणि आत दुसरं निघालं. पण व्ह्यूज इतके कमी असताना, आणि त्यातले निम्मे तुमचेच मित्र असताना, त्या टक्केवारीवर इमारत उभी करू नकोस, एवढं म्हण आणि पुढे जा.

त्यापेक्षा रिपोर्ट द्यायला अजून आठवडा आहे तर हे कर. तुम्हाला न ओळखणारी काही मुलं पकड, दुसऱ्या डिपार्टमेंटची, मेसमधली. निम्म्यांना फक्त पोस्टर दाखव आणि विचार हे गाणं कसलं असेल, कुठे घडत असेल, ऐकावंसं वाटतंय का. उरलेल्या निम्म्यांना पोस्टर न दाखवता व्हिडिओ दाखव, आधी आवाज बंद करून मग आवाजासकट, आणि गोष्ट काय ती त्यांच्या शब्दात सांगायला लाव. काही समजावून सांगायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, ते फोनकडे हात कधी नेतात ते टिपून ठेवायचं. मग दोन्ही गटांची उत्तरं शेजारी मांड. पोस्टरवाले म्हणतील कॉलेजची लव्हस्टोरी, व्हिडिओवाले म्हणतील दोन मैत्रिणी, कुणीतरी सोडून चाललंय, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुराव्यासकट तयार. उत्तरं वेगळी आली तर ती तशीच लिही.

चौथा प्रश्न तंत्रज्ञानाचा, इथे सॉफ्टवेअरची यादी देतात मुलं, कुठलं व्हर्जन ते पण देतात. त्यापेक्षा अडचण सांग, कारण शोध, पुढच्या वेळी काय ते लिही. तुझा लिपसिंक घे. तो कसा घसरतो यावरून कारण कळतं. शॉटच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर अंतर किंवा ब्लूटूथ. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज १३-१४ मीटर चालतो, म्हणजे घाटाच्या वरच्या पायरीवर स्पीकर आणि कॅमेरा, आणि खाली पाण्याजवळ गाणारी असेल तर तिच्यापर्यंत गाणं एक-दोन फ्रेम उशिरा पोचतं आणि ती बिचारी बरोबर गात असून पडद्यावर मागे दिसते. ब्लूटूथ स्पीकर स्वतःचा उशीर आणखी घालतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, कॅमेऱ्याने पकडलेल्या आवाजाला न लावता ओठांकडे बघून क्लिप टाइमलाइनवर थोडी आधी, म्हणजे डावीकडे, सरकवायची. पण सुरुवातीला बरोबर आणि जसजसा शॉट पुढे जातो तसा जास्त जास्त घसरतो असं असेल, आणि तू तेच लिहिलंयस, आणि ते पण फोनच्याच शॉट्समध्ये, तर बहुतेक फोनचा व्हेरिएबल फ्रेम रेट. फोन उजेडाप्रमाणे फ्रेम्स कमीजास्त करतो, उजेड कमी असेल तर जास्तच, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर धरून चालतं की फ्रेम्स एकसारख्या आहेत. एडिटला घेण्याआधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या, फ्रेम रेटला बदलून घ्यायचं, किंवा शूटलाच फ्रेम रेट लॉक होईल असं ॲप वापरायचं. आत्ता पण करता येईल, मूळ क्लिप्स आहेत तर.

स्लो मोशनमध्ये ती गाते त्या दोन शॉट्सचं तुम्ही बरोबर केलंय, ५० फ्रेम्सला शूट आणि गाणं दुप्पट स्पीडने वाजवून तिला त्याच्यावर म्हणायला लावलं, मग २५ ला आणलं की ओठ गाण्याबरोबर आणि केस-ओढणी तरंगत. हे तू एका ओळीत उरकलंस! दुप्पट स्पीडचं गाणं ऐकून सगळे हसत सुटतात, पाठांतर चोख नसेल तर ओठ लटपटतात, तिने त्याची प्रॅक्टिस कशी केली, किती टेक वाया गेले, हे लिही की. हे वाचायला मिळालं तर मी आनंदाने मार्क देते.

हॉस्टेलच्या खोलीत ट्यूबलाइट फडफडते ती फोन १/६० शटरवर असल्याने, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं. एडिटला तुमचे कट बीटवर बसत नाहीत असं तुला वाटतंय, त्यात एक गंमत आहे, गाणं १२० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२० बीट्सचं असेल तर २५ फ्रेम्सच्या टाइमलाइनवर एक बीट साडेबारा फ्रेम्सवर येतो, म्हणजे प्रत्येक दुसरा बीट अर्ध्या फ्रेमवर, तिथे अचूक कट होऊच शकत नाही. काही बिघडत नाही, बीटच्या एखादी फ्रेम आधी कापलं तर डोळ्याला बरोबर वाटतं. पण तुमचं गाणं संथ आहे, त्यात प्रत्येक बीटवर कापायची हौसच कशाला, तिच्या श्वासावर कापलं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही फोनचे रंग वेगळे दिसतात ते ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, एक वाक्य पुरे.

ग्रुपमधली भांडणं लिहायची का विचारलंस. निर्णयावर झालं असेल तर लिही, नाव न घेता, की घाट ठेवायचा की गच्ची यावर एकमत नव्हतं आणि म्हणून दोन्ही राहिलं. कोण उशिरा आलं ते नको. आणि जिथे तू स्वतः ठरवलंस तिथे ‘मी’ लिही, सगळीकडे ‘आम्ही आम्ही’ केलं की तुझं काम कुठलं तेच कळत नाही.

मग नवीन पोस्टर करायचं का? कर, वेळ आहे. पण जुनं काढून टाकून त्याच्या जागी नवीन नको, दोन्ही शेजारी लाव आणि खाली तो पिक्सेलचा हिशोब आणि मेसमधल्या मुलांची उत्तरं. मुलगी इथेच हॉस्टेलला आहे, ढगाळ दिवस बघून गच्चीवर तेच कपडे घालून अर्ध्या तासात स्टिल्स होतील, घाटावर परत जायची गरज नाही. व्हिडिओला हात लावू नकोस, फोनच्या क्लिप्स कॉन्स्टंट करून परत लावणं आणि त्या बायकांचे शॉट्स, एवढंच. रिपोर्टमध्ये प्रत्येक मुद्द्याला टाइमकोड आणि छोटी फ्रेम, पोस्टरची पीडीएफ करताना अक्षरं आउटलाइन, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार, करून, नाहीतर दुसऱ्या मशीनवर फॉन्ट बदलतो आणि वेलांटी परत उडते. व्हिडिओ एमपीफोर करून पेनड्राइव्हवर टाक आणि व्हायव्हाच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्टरवर आवाजासकट एकदा चालवून बघ, तिथले स्पीकर बहुतेक एकाच बाजूचे चालत असतात.